लाक्षागृहांतील दुसरी वाट

वारणावताच्या लाक्षागृहाची कथा आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं आजीच्या तोंडून ऐकलेली असते. पुरोचनानें लाख, राळ, तूप व ताग यांचें घर उभें केलें, विदुरानें परक्या भाषेंत धर्मराजास इशारा दिला, आणि पुढें भीमानें स्वतःच त्या घरास आग लावून मातेस व भावंडांस बाहेर काढलें, एवढें सर्वांस ठाऊक असतें. परंतु या कथेंतील एका माणसाकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. तो म्हणजे विदुरानें धाडलेला खनक. त्यानें घराच्या मध्यभागीं जमिनीच्या पोटांतून भुयार खणिलें व त्याचें तोंड फळ्यांनीं झांकून ठेविलें. त्या घरास दहा दरवाजे असते, तरी ते सारे लाखेच्याच भिंतींत असते, आणि आग लागतांच दहाहि एकदम बंद झाले असते. खनकाची वाट लाखेंतून जात नव्हती, एवढ्यावर पांडव वांचले.

हा भेद ऐकावयास सोपा वाटतो. तथापि विसाव्या शतकांतील अत्यंत कुशाग्र इंजिनीयरांस तो पटावयास एक मोठी आग लागली, आणि आपल्या देशांत तो अंगीं लागावयास दुसरी एक आग लागावी लागली. अणुवीजकेंद्रांतील तारांच्या मांडणीचा हा इतिहास गोंदियांत बसून लिहावासा कां वाटला, तें पुढें येईलच.

आमच्या गोंदियास लाख परकी नाहीं. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून निराळा झाला. पण त्याच्या किती तरी आधींपासून भोंवतालच्या जंगलांतील पळस व कुसुम यांवरची लाख या रेल्वेच्या गांवीं येत असे, आणि ती धुऊन शुद्ध करण्याचे कारखाने येथें होते. गांवाचें नांवच मुळीं गोंद म्हणजे डिंक यावरून पडलें, असें लोक सांगतात. या लाखेचें नातें पुराणापेक्षां विजेशीं अधिक जवळचें आहे, हें मात्र थोड्यांस माहीत असतें. लाखेंतून वीज जात नाहीं. म्हणून विजेच्या युगाच्या आरंभीं यंत्रांतील तारांच्या वेटोळ्यांवर स्पिरिटांत विरघळविलेल्या लाखेचा लेप देत, आणि अभ्रकाचे पापुद्रे लाखेनें एकमेकांस चिकटवून त्यांच्या विद्युत्‌रोधक पट्ट्या करीत. बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें १९०७ सालीं जें बेकेलाइट निर्माण केलें, तें लाखेस पर्याय शोधण्याच्या खटपटींतूनच निघालें. पुढें रबर आलें, मग पीव्हीसी, पॉलिथीन वगैरे प्लास्टिकें आलीं. विजेला कोंडून ठेवण्यासाठीं मनुष्यानें जीं जीं वस्त्रें शोधिलीं, त्यांतलीं बरींचशीं आगीचें खाद्य आहेत. पीव्हीसी सहजासहजीं पेटत नाहीं; पण दुसऱ्या कशाच्या आगींत सांपडलें कीं त्यांतून काळाकुट्ट धूर व फुफ्फुसें जाळणारा आम्लवायु निघतो. ज्या वेष्टनानें आपण विजेपासून सुरक्षित राहतों, तेंच इंधन होऊन बसतें. आपल्या घराच्या भिंतींतून थोडेंसें लाक्षागृह फिरलेलें असतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

घरांत तें थोडें असतें. वीजकेंद्रांत शेंकडों मैल असतें. प्रत्येक पंप, प्रत्येक झडप, प्रत्येक मापक यांस तार हवी, आणि त्या साऱ्या तारा नियंत्रणकक्षाकडे धांवत येतात. कक्षाच्या खालीं बहुधा तारा पसरण्याची एक खोली असते. तींत लोखंडी ताटांसारख्या घडवंच्यांवर, एकावर एक थर रचून, हजारों केबली ठेविलेल्या असतात. आमच्या जिल्ह्यांत तिरोड्यास ६६० मेगावॉटचे पांच संच असलेलें कोळशाचें मोठें केंद्र आहे, तेथेंहि तारांचें असेंच जंजाळ आहे. मग अणुकेंद्राचीच एवढी चिंता कां? कोळशाच्या भट्टीस कोळसा देणें थांबविलें कीं ती निवत जाते. अणुभट्टी बंद केल्यावरहि तिच्या इंधनांतून उष्णता निघत राहते. बंद केल्याक्षणीं ती पूर्ण शक्तीच्या सुमारें सहा-सात टक्के असते व एका दिवसानंतरहि जवळजवळ अर्धा टक्का उरते. अर्धा टक्का म्हणजे कांहींच नाहीं असें वाटेल. पण २२० मेगावॉट वीज देणाऱ्या लहानशा भट्टींत हा अर्धा टक्का म्हणजे सुमारें चार हजार किलोवॉट. दोन किलोवॉटच्या दोन हजार शेगड्या एका हंड्याखालीं रात्रंदिवस पेटलेल्या आहेत असें समजावें. पाणी फिरतें राहिलें नाहीं तर इंधन वितळतें. पाणी फिरवावयास पंप हवा, पंपास वीज हवी, आणि विजेला तार हवी. सारा डोलारा शेवटीं त्या तारेवर येऊन ठेपतो.

इंजिनीयर हें जाणून होते. म्हणून त्यांनीं प्रत्येक महत्त्वाची वस्तु दोन-दोन, तीन-तीन ठेविली. एक पंप गेला तर दुसरा, बाहेरची वीज गेली तर डिझेल-जनित्र, तेंहि गेलें तर विद्युत्‌घटमाला. कागदावर हिशेब मोठा सुंदर दिसे. प्रत्येक यंत्र हजारांत एकदां बिघडतें असें धरलें, तर दोन एकदम बिघडण्याचा प्रसंग दहा लाखांत एकदां! परंतु या हिशेबांत एक गृहीत गोष्ट दडलेली असते, ती ही कीं, पहिलें बिघडण्याचें कारण दुसऱ्यास शिवणार नाहीं.

येथें एक घरगुती गोष्ट सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरीं इन्व्हर्टर बसविला. वायरमननें त्याची तार मूळच्याच केसिंग-पट्टींतून नेली, कारण दुसरी पट्टी भिंतीवर वाईट दिसली असती, आणि खरें सांगावयाचें तर मीहि त्यास होकार दिला. पुढें एका पावसाळ्यांत भिंतींत ओल शिरून पट्टींतील एक तार जळाली व तिनें शेजारणीसहि बरोबर नेलें. सरकारी वीज चालू, इन्व्हर्टर भरलेला, आणि घरांत रात्रभर मेणबत्ती! “मग हें दुसरें यंत्र घेतलें तरी कशाला?” असें आमच्या घरांतून विचारणा झाली. तिला उत्तर नव्हतें.

हाच प्रश्न अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेला, आणि तेथेंहि मूळ एका मेणबत्तींतच होतें. आलाबामा राज्यांत टेनेसी नदीच्या कांठीं ब्राउन्स फेरी नांवाचें अणुकेंद्र आहे. २२ मार्च १९७५ रोजीं दुपारीं बाराच्या सुमारास त्या केंद्राच्या तारा पसरण्याच्या खोलींत कांहीं कामगार भिंतींतील भोंकें बुजवीत होते. केबली भिंतीपलीकडे जेथून जातात, तेथील फटी प्लास्टिकच्या फेसानें भरीत. हवा कोठें निसटते तें पाहण्यास मेणबत्ती धरण्याची तेथें रीत होती. ज्योत वांकली कीं तेथें भगदाड. त्या दिवशीं ज्योत नुसती वांकली नाहीं, तर आंत ओढली गेली. फेस पेटला. हातानें, चिंध्यांनीं, लहान अग्निशामकांनीं विझविण्याचा यत्न झाला. पण भिंतीपलीकडे हवेचा दाब कमी असल्यामुळें ज्वाला भोंकांतून पलीकडे, खुद्द भट्टीच्या इमारतींत गेली, आणि धोक्याची सूचना देण्यांत पाऊण घटका निघून गेली ती निराळीच.

वर नियंत्रणकक्षांत बसलेल्यांस जें दिसलें, तें एखाद्या भुताटकीसारखें होतें. फलकांवरचे दिवे एकाएकीं प्रखर होत, मंद होत, विझत. कोणी हात न लावतां पंप सुरू होत, बंद करावे तर पुन्हां सुरू होत. दोन्ही भट्ट्या थांबविण्यांत आल्या. मात्र पहिल्या भट्टीस थंड ठेवण्याची संकटकालीन साधनें एकामागून एक निकामी झालीं, कारण त्यांचा व त्यांच्या राखीव जोडीदारांचा तारांचा मार्ग त्याच आगीच्या टापूंत होता. कित्येक ठिकाणीं तर दोन स्वतंत्र म्हणविणारीं मंडलें केवळ फलकावरील खुणेच्या दिव्यांच्या तारांनीं एकमेकांस जोडलीं गेलेलीं होतीं. दिवा लावण्यासारखी क्षुल्लक सोय, पण तिच्या वाटेनें एकाचा रोग दुसऱ्यास लागला. १,६०० हून अधिक केबली जळाल्या. त्यांपैकीं ६२८ सुरक्षेशीं संबंध असलेल्या होत्या. शेवटीं भट्टी थंड राहिली ती नियंत्रक दांड्यांस पाणी पुरविणारा एक लहान पंप व नेहमींच्या कामांतले दुसरे कांहीं पंप यांच्या जोरावर. संकटासाठीं ज्यांची योजना केलेली नव्हती, त्यांनीं संकट निभावलें.

आणखी एक गोष्ट या प्रसंगांतली सांगण्यासारखी आहे. जवळच्या अथेन्स गांवच्या अग्निशामक दलाचा प्रमुख दुपारींच येऊन पोहोंचला होता. पाणी मारा, असें त्याचें सांगणें. केंद्रांतील मंडळींस विजेच्या तारांवर पाणी मारण्याची धास्ती. तिच्यांतहि तथ्य होतें, कारण उरलेल्या तारा भिजून शॉर्ट झाल्या असत्या तर राहिलेले पंपहि गेले असते. या वादांत तास लोटले. संध्याकाळीं पाणी मारण्यास संमति मिळाली, आणि सुमारें सात तास धुमसणारी ती आग मग थोड्याच वेळांत विझली. दोहोंपैकीं कोण चुकला असा निकाल मी देणार नाहीं. ज्या घरांत आग विझविणेंहि धोक्याचें होऊन बसतें, त्या घराची रचनाच चुकलेली असते.

याच वर्षाच्या डिसेंबरांत पूर्व जर्मनींतील ग्राइफ्सवाल्डच्या अणुकेंद्रांतहि केबलींस मोठी आग लागली. तेथल्या सामान्य लोकांस ती गोष्ट कळली १९८९ सालीं.

अमेरिकेनें मात्र आपली आग लपविली नाहीं. चौकशी झाली, आणि १९८० सालीं तेथील अणुनियामक आयोगानें एक नियम घातला. त्याचें सार असें: भट्टी बंद करून थंड ठेवण्यास लागणाऱ्या यंत्रांच्या दोन जोड्यांच्या तारांमध्यें तीन तास आगीस दाद न देणारी भिंत असावी, अथवा त्यांत निदान वीस फुटांचें अंतर असून मध्यें जळण्यासारखें कांहीं नसावें व धूरसूचक आणि आपोआप चालणारें अग्निशामक असावें, अथवा एका जोडीस एक तास टिकेल असें वेष्टन असून तींच सूचक व शामक साधनें असावींत. वीस फूट म्हणजे आपल्या वाड्यांतल्या एका मोठ्या दिवाणखान्याची लांबी. एवढी जागा नव्या इमारतींत ठेवणें सोपें. बांधून पुऱ्या झालेल्या इमारतींत ती आणावी कोठून? म्हणून पुष्कळ केंद्रांनीं तिसरा मार्ग पत्करला व तारांस वेष्टनें बांधलीं. त्यांतलें थर्मोलॅग नांवाचें एक वेष्टन फार खपलें. पुढें १९९० च्या आसपास परीक्षा झाल्या, तेव्हां तें सांगितला तेवढा वेळ टिकत नाहीं, इतकेंच नव्हे तर स्वतःच जळण्यासारखें आहे, असें उघडकीस आलें! पुरोचन कांहीं वारणावतांतच राहत नाहीं.

आतां आपल्याकडे वळूं. तारापूरचें केंद्र, हिंदुस्थानांतलें पहिलें अणुवीजकेंद्र, २८ ऑक्टोबर १९६९ पासून वीज विकूं लागलें. तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. त्याच्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें बांधल्या. ब्राउन्स फेरीच्या भट्ट्या त्याच कंपनीच्या व त्याच, पाणी उकळविणाऱ्या, कुळांतल्या. म्हणजे मेणबत्तीच्या त्या आगीच्या साडेपांच वर्षें आधीं आणि नियमाच्या अकरा वर्षें आधीं महाराष्ट्रांतलें हें घर बांधून झालें होतें. दोन्ही भट्ट्या एकाच इमारतींत, आणि विजेच्या व थंडाव्याच्या कित्येक व्यवस्था दोघींत सामाईक. त्या काळीं ही काटकसर शहाणपणाची गणली जाई, आणि तसें गणणाऱ्यांस आज हंसण्याचें कारण नाहीं.

हंसूं येत नाहीं, खेद वाटतो, तो पुढच्या गोष्टीचा. १९८५ सालीं राजस्थानांत कोट्याजवळ रावतभाटा येथील दुसऱ्या भट्टीच्या केंद्रांत केबलीचा एक सांधा तापून पेटला. आग केबलींच्या घडवंच्यांवरून पसरली व चार पंप निकामी झाले. इशारा अमेरिकेंतून नव्हे, घरांतून मिळाला होता. तरीहि आठ वर्षांनीं नरोरा घडलें.

नरोरा हें उत्तर प्रदेशांत, बुलंदशहर जिल्ह्यांत, गंगेच्या कांठीं आहे. ३१ मार्च १९९३ रोजीं पहांटे साडेतीनच्या सुमारास तेथील पहिल्या संचाच्या टर्बाइनचीं दोन पातीं तुटलीं. त्या धातूच्या घावानें सारें यंत्र थरथरलें, जनित्र थंड ठेवणारा हायड्रोजन वायु बाहेर पडून पेटला आणि वंगणाच्या तेलानें त्यांत भर घातली. पात्यांच्या रचनेंत दोष आहे व ती बदलावी, अशी सूचना मूळ रचनाकार विलायती कंपनीकडून आधींच आलेली होती, असें अणुऊर्जा नियामक मंडळाचे अध्यक्ष त्याच वर्षीं झालेले ए. गोपालकृष्णन यांनीं पुढें लिहिलें आहे. परंतु आपला विषय पातीं नव्हेत. टर्बाइन तुटणें हा अपघात. तेथून पुढें जें झालें तो तारांचा इतिहास.

नियंत्रकांनीं मिनिटाच्या आंत भट्टी बंद केली. आग टर्बाइनच्या इमारतींतून केबलींच्या वाटेनें पसरली. नेहमींच्या विजेच्या तारा व राखीव विजेच्या तारा एकाच मार्गानें नेलेल्या होत्या, त्यांच्यामध्यें आगीस अडविणारी पुरेशी आडकाठी नव्हती, आणि वेष्टनेंहि अग्निरोधक नव्हतीं. डिझेल-जनित्रें होतीं, विद्युत्‌घट होते. त्यांची वीज नेणारी वाटच जळाली. केंद्र अंधारांत बुडालें आणि सुमारें सतरा तास अंधारांतच राहिलें. धूर हवेच्या नळांतून नियंत्रणकक्षांत शिरला व माणसांस तो सोडावा लागला.

त्या रात्रीं तेथें जे होते त्यांची नांवें आपण जाणत नाहीं, पण त्यांनीं काय केलें तें जाणतों. कांहीं जण बॅटऱ्यांच्या उजेडांत भट्टीच्या इमारतींत वर चढून गेले, आणि विझलेली भट्टी पुन्हां चेतूं नये म्हणून तिच्यांत बोरॉनचें द्रावण जाईल अशा झडपा त्यांनीं हातानें उघडल्या. तें द्रावण केवळ आपल्या भारानें खालीं उतरतें. त्यास विजेची गरज नसते. दुसऱ्यांनीं आग विझविण्यासाठीं ठेवलेले डिझेलचे पंप सुरू केले आणि आगीचें तें पाणी वाफ करणाऱ्या बाष्पकांत सोडलें. भट्टींतलें जड पाणी आपल्याच उष्णतेनें फिरत राहिलें, बाष्पकांतून उष्णता बाहेर पडत राहिली, आणि इंधन शाबूत राहिलें. कोणी दगावलें नाहीं, किरणोत्सर्ग केंद्राबाहेर गेला नाहीं. आंतरराष्ट्रीय मापनांत ही घटना तिसऱ्या पायरीची गणली गेली. डिझेलचे ते पंप वांचले कशानें? त्यांना चालावयास त्या जळालेल्या वाटेची गरज नव्हती, म्हणून. खनकाचें भुयार येथें चुकून खणलें गेलें होतें.

नरोऱ्यानंतर मात्र हालचाल झाली. राखीव तारांच्या वाटा अलग करणें, तारांवर अग्निरोधक लेप चढविणें, भिंतींतील भोंकें नीट बुजविणें हीं कामें हातीं घेण्यांत आलीं. तारापुरास याहून कठीण काम होतें, कारण तेथील सामाईकपणा हाडींमांसीं खिळलेला. नियामक मंडळानें त्या जुन्या केंद्राची फेरतपासणी केली व २००५-०६ च्या सुमारास दोन्ही भट्ट्या बंद ठेवून सुधारणा झाल्या. पूर्वींचीं तीन डिझेल-जनित्रें मिळून गरज भागवीत. त्यांच्या जागीं एकेकटें पुरी गरज भागवील अशीं तीन बसविलीं. विजेची व्यवस्था प्रत्येक भट्टीपुरती वेगळी केली. थंडाव्याच्या सामाईक व्यवस्था विभागल्या. आणि नियंत्रणकक्ष सोडावा लागला तर जाण्यासाठीं दुसरा, पूरक कक्ष बांधला. शेजारीं २००५ व २००६ सालीं दोन नव्या, ५४० मेगावॉटच्या भट्ट्या सुरू होत असतांना जुन्या घरांत हें खोदकाम चाललें होतें. एकत्र कुटुंबाच्या वाड्यांत वांटणी करतांना भिंती कोठें घालाव्या यावरून होणारा त्रास ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस या कामाची कल्पना येईल. वर्तमानपत्रांत नव्या भट्ट्यांचीं छायाचित्रें आलीं. भिंतींचीं आलेलीं मला तरी आठवत नाहींत. मला तर दोहोंपैकीं भिंतीच अधिक मोलाच्या वाटतात.

आतां गोंदियाचें सांगतों. एके काळीं येथून सातपुड्याची अरुंद रुळांची गाडी बालाघाट, नैनपूर करीत जबलपुरास जाई. नैनपुराहून एक फांटा मंडल्यास फुटे. त्या मंडला जिल्ह्यांत, बरगी धरणाच्या जलाशयाच्या कांठीं, चुटका नांवाचें गांव आहे. २०१७ सालीं केंद्र सरकारनें ७०० मेगावॉटच्या ज्या दहा भट्ट्या मंजूर केल्या, त्यांतल्या दोन चुटक्यासाठीं होत्या. याच जातीची पहिली भट्टी गुजरातेंत काक्रापार येथें जुलै २०२० मध्यें प्रथम चेतली. तिच्या रचनेंत, वीज सर्वस्वीं गेली तरी कांहीं काळ पाणी आपल्याच भारानें व उष्णतेनें फिरत राहील, अशी व्यवस्था केलेली आहे. नरोऱ्याच्या त्या रात्रीची आठवण त्या नकाशांत उतरलेली दिसते.

चुटक्याचे लोक धरणानें एकदां उठविलेले. तेव्हां अशा योजनेच्या जनसुनावणींत त्यांनीं जमिनीविषयीं विचारावें, हें अगदीं रास्त. तारांविषयीं विचारणारा अशा ठिकाणीं विरळा. मी तेथें असतों तर मीं एवढेंच विचारलें असतें: मुख्य तार व राखीव तार यांच्यामध्यें भिंत आहे काय, ती किती तास टिकते, आणि तिच्यांतील भोंकें कशानें बुजविलीं आहेत?